मिसरूड फुटण्याच्या वयात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या या भागात तरणे मूल घरी सापडत नाही. आपल्या शहरातील वाचकांस मोहगाव ठाऊक असेलच असे नाही, म्हणून आधी दोन शब्द त्याविषयी. छिंदवाड्याच्या दक्षिणेस सौंसर आणि पांढुर्णा ही दोन तहसिलीची गावे. येथील घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी. शेतात संत्री आणि कापूस. २०२३ साली या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मोहगाव हे सौंसरकडचे गाव. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे यात्रेकरूंच्या ते ओळखीचे आहे. मी येथे मुलांना गाणे शिकवितो.

तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आपल्याकडे लहान मुले त्या दिवशी लाकडी बैल सजवून दारोदार हिंडतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव अशी गोटमार चालते. गोटमार म्हणजे शब्दशः दगडांचा मारा. झेंडा हाती येईपर्यंत दोन्ही काठांवरून दगड सुटत राहतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात, क्वचित एखादा प्राणासही मुकतो. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत अशी खटपट सरकारने मागे करून पाहिली. लोकांनी ती चालू दिली नाही. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दोन्ही गावचे लोक एकमेकांच्या घरी विचारपूस करावयास मोकळे होतात.

गेल्या खेपेस माझ्या वर्गातील एक सतरा वर्षांचा मुलगा गोटमारीहून डोक्याला पट्टी बांधून आला. त्याचे आजोळ सावरगावचे. आवाज मोठा गुणी. फुटून नुकता कोठे खर्जात स्थिरावू लागलेला. मी रागावलो. तो हसून म्हणाला, "सर, मामाच्या गावचा झेंडा होता ना. मागं कसं हटावं? आन् भरतीत जायचं तर हिंमत नको का?"

हा मुलगा पहाटे सौंसरच्या रस्त्याने धावावयास जातो. त्याच्यासारखी दहाबारा मुले आहेत. सैन्याच्या भरतीसाठी छाती किती हवी, किती मिनिटांत किती धावावे लागते, हे सारे त्यांना तोंडपाठ. २०२२ पासून अग्निवीर म्हणून साडेसतरा वर्षांच्या मुलालाही सैन्यात घेतात. म्हणजे आज माझ्यापुढे मांडी घालून 'सा' लावणारा मुलगा वर्षभरात हाती बंदूक घेऊन उभा असू शकतो. हिंमत म्हणजे काय हे त्याने जाम नदीच्या काठावर शिकावे, याने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पेटी उघडली नाही. मुलांना दुसऱ्या दोन नद्यांची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे दाखल झाली. सक्तीची भरती नव्हती. सारे आपण होऊन गेलेले. सत्त्याऐंशी हजारांहून अधिक परत आले नाहीत. यांपैकी चौथी, आठवी आणि दहावी या तीन हिंदी डिव्हिजनांचे पन्नास हजार सैनिक इटलीत लढले. त्यांतील बहुतेकांचे वय होते एकोणीस ते बावीस. जी मुले आज कॉलेजच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर उभी दिसतात, त्याच वयाची ती होती. इटलीच्या मातीत यांतले ५,७८२ जण राहिले. त्यांची नावे त्या देशातील चाळीस युद्धस्मशानांत कोरलेली आहेत.

त्या पन्नास हजारांत मराठा लाइट इन्फंट्रीची पोरे होती. कोकणातली वरकस जमीन आणि देशावरची पावसाच्या भरवशाची शेती यांनी पिढ्यान्‌पिढ्या या पलटणीला माणसे पुरविली. १७६८ साली मुंबईच्या शिपायांची म्हणून उभी राहिलेली ही पलटण. तिचे ठाणे १९२२ पासून बेळगावला. इटलीत हिंदी सैन्याची माणसे सहा व्हिक्टोरिया क्रॉसची मानकरी ठरली, त्यांत दोन या पलटणीतली, दोन्ही मराठी मुलुखातली. दोघेही १९२१ च्या नोव्हेंबरात जन्मलेले.

पहिला यशवंत घाडगे. त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगावकडचा. हुद्दा नाईक. १० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या ठाण्यावर चाल केली. यशवंत एका तुकडीचा म्होरक्या होता. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि त्याच्या तुकडीतले सगळेच्या सगळे एकतर ठार झाले, नाहीतर जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा यशवंत.

येथे मी मुलांना क्षणभर थांबविले. एखादा माणूस दहा जणांत मिसळून पुढे धावतो, तेव्हा त्याला बाकीच्या नऊ जणांचा धीर असतो. गोटमारीतही तसेच, पाठीशी आख्खा काठ ओरडत असतो. यशवंताच्या पाठीशी कोणी नव्हते, आणि कोणी नाही हे त्याला पुरते कळलेले होते. तरी तो त्या मशिनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकून तोफ आणि तोफेवरचा माणूस बंद केला. दुसऱ्याला टॉमीगनने टिपला. गोळ्या संपल्या, नव्या भरावयास उसंत नव्हती. त्याने तीच बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंजला. ठाणे त्याच्या एकट्याच्या हाती आले. तेवढ्यात दुरून लपून बसलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. वय बावीस.

व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मिळाला, पण तो घ्यायला तो नव्हता. पदक घरच्यांच्या हाती पडले. त्याची समाधी कोठे दाखविता येत नाही. कासिनो येथील स्मारकावर ज्यांचा देह सापडला नाही अशांची नावे आहेत, त्यांत त्याचे नाव आहे. इकडे माणगावला त्याचा पुतळा आहे.

दुसरा नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचा. हा तर साधा शिपाई, आणि त्यातही कंपनीचा निरोप्या. पुढच्यांचा निरोप मागे आणि मागच्यांचा पुढे, एवढेच त्याचे काम. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडून पलीकडच्या बांधावर चढावयाचे होते. सेनिओ फार रुंद नाही, पण तिच्या दोन्ही काठांना पुराचे उंच बांध घातलेले आहेत आणि जर्मनांनी त्या बांधांत मशिनगना रोवून ठेवल्या होत्या. पहिली तुकडी पाण्यातून बाहेर पडते न पडते तोच तीन ठाण्यांवरून मारा सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले; बाकीचे ठार. धडधाकट राहिला तो फक्त निरोप्या.

नामदेवाने काय करावे? मुलांना मी हाच प्रश्न विचारला. डोक्याला पट्टी बांधलेला मुलगा ताडकन म्हणाला, "मशिनगनवर जायचं!" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर हेच येईल. पण नामदेव आधी मशिनगनवर गेला नाही. त्याने एका जखमीला अंगावर घेतले, खोल पाण्यातून परत फिरला, सुरुंग पेरलेल्या जागेतून तो उभा बांध चढला आणि त्याला सुखरूप ठेवून आला. मग पुन्हा त्याच पाण्यात उतरला आणि दुसऱ्यालाही घेऊन आला. दोन्ही वेळा वरून गोळ्यांचा वर्षाव चालूच होता. तिसऱ्या वेळी नदी ओलांडली ती लढण्यासाठी. पहिले ठाणे टॉमीगनने गप्प केले. हाताला गोळी लागली आणि बंदूक चालविता येईना, म्हणून ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून आणखी मागून आणले. उरलेली दोन्ही ठाणी त्याने अशी बंद पाडली.

आणि मग तो बांधावर चढला. तोफगोळे पडत असताना उघड्यावर उभा राहून त्याने शिवछत्रपतींच्या नावाची ललकारी दिली आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावून घेतले. निरोप्याचे काम त्याने शेवटी असे केले. वय तेवीस. हा मात्र परत आला. १९८४ साली पुण्यास वारला.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, कोहाटकडच्या अली हैदर नावाच्या शिपायालाही असाच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि वर्षभर आधी, १२ मे १९४४ रोजी गारी नदीपाशी कमल राम या शिपायाला. हा आपल्यासारख्याच एका संस्थानातला, राजपुतान्यातल्या करौलीचा. त्याची ती पहिलीच लढाई होती. पुढे शत्रूच्या चार ठाण्यांनी कंपनीला रोखून धरले होते. उजव्या बाजूच्या ठाण्याच्या पिछाडीस कोण जातो, असे कमांडरने विचारताच हा पुढे झाला आणि तारांच्या कुंपणाखालून एकटा सरपटत गेला. वय एकोणीस.

एवढे ऐकून कोणासही वाटेल की या मुलांचे पोवाडे घरोघर गायले जात असतील. तसे झाले नाही, आणि त्याचे एक कारण आपल्यातच आहे. माझे वडील दरबारी गवई. संस्थान गेले तरी ते स्वतःला शेवटपर्यंत दरबारी गवईच म्हणवीत. ते सांगत, की दरबारात ज्याची स्तुती गावयाची त्याचे नाव आधीच सांगितलेले असे, आणि साध्या शिपायाचे नाव कोणी सांगत नसे. ही एक गोष्ट. दुसरी अधिक अवघड. ही मुले इंग्रजांच्या झेंड्याखाली लढली. यशवंत इटलीत पडला त्याच्या दोनच वर्षे आधी बेचाळीसची चळवळ पेटली होती. आपल्या जुन्या घराण्यांत जो तुरुंगात गेला त्याची तसबीर दिवाणखान्यात लागली. जो पलटणीत गेला त्याचे पदक ट्रंकेच्या तळाशी राहिले. स्वराज्य आले तेव्हा या मुलांना कोणत्या रांगेत उभे करावे, हे आपल्याला कळेना. म्हणून आपण त्यांचा विषयच काढला नाही.

मला या अवघडलेपणाची थट्टा करावयाची नाही. तो प्रामाणिक होता. पण बावीस वर्षांच्या नाइकाने साम्राज्य उभे केले नव्हते आणि मोडणेही त्याच्या हाती नव्हते. त्याच्या हाती एक तुकडी होती. ती पडली आणि तो एकटा उरला, तेव्हा तो जे वागला ते कोणत्याही झेंड्याहून निराळे मोजले पाहिजे. नामदेव ज्या जखमींसाठी पाण्यात उतरला ते त्याचे सोबती होते. त्यांना पाठीवर घेताना त्याच्या मनात लंडनचा विचार आला असेल, असे कोणाला वाटते काय?

विसरणे हा एक दोष झाला. उलटा दोषही तितकाच मोठा आहे, आणि तोही नजरेआड करून चालणार नाही. पहिल्या महायुद्धात ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या आरमारी लढाईत जॅक कॉर्नवेल नावाचा सोळा वर्षांचा इंग्रज पोर 'चेस्टर' या जहाजावरच्या तोफेपाशी होता. आजूबाजूचे सारे पडले, तो स्वतः मरणाच्या जखमा झालेला. तरी हुकमाची वाट पाहत जागेवर उभा राहिला. दोन दिवसांत तो वारला. घरची गरिबी, आधी त्याला साध्याच सार्वजनिक जागेत पुरले. मग वर्तमानपत्रांनी त्याचे नाव उचलले. त्याला उकरून मोठ्या लष्करी इतमामाने पुन्हा पुरण्यात आले, त्याच्या तसबिरी शाळाशाळांतून लागल्या, त्याच्या नावाने वर्गण्या निघाल्या. आणि त्याची आई? ती १९१९ साली हलाखीत वारली. देशाने त्या पोराचे शौर्य घेतले, त्याच्या आईची काळजी मात्र घेतली नाही. त्याची तसबीर दाखवून आणखी किती पोरे भरतीच्या रांगेत उभी केली गेली असतील, याचा विचारही जीव गुदमरविणारा आहे.

म्हणजे आठवण करावयाची ती कशी? ढोल वाजवून केली तर नवी पोरे मरावयास निघतात. मुळीच न केली तर जुनी पोरे दुसऱ्यांदा मरतात. या दोहोंमधली वाट मला इटलीतल्याच एका लहानशा गावाने दाखविली.

टायबरच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे एक गाव आहे. जुलै २०२३ मध्ये त्या गावच्या नगरपालिकेने आणि तेथील युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून यशवंत घाडगे याचे स्मारक उभारले. युद्ध होऊन जवळजवळ ऐंशी वर्षे लोटली होती, त्याला पाहिलेले कोणी उरले असण्याचा संभव थोडा; तरी त्यांनी ते केले. स्मारकात बंदूक नाही, घोडा नाही, तलवार नाही. ते आहे एक सूर्यघड्याळ. वर सूर्य असेल तेव्हा त्याच्या काट्याची सावली दगडावर सरकते आणि वेळ सांगते. त्यावर लॅटिन वचन आहे. त्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो.

वाचकहो, याचा थोडा विचार करावा. ज्या डोंगरावर आपला पोर परक्या साम्राज्याचा शिपाई म्हणून गेला, तेथील लोकांना त्याच्या झेंड्याचा हिशेब लागला नाही. आपल्या घराजवळ एक बावीस वर्षांचा परदेशी मुलगा मेला, एवढे त्यांना पुरले. त्या सूर्यघड्याळाच्या उन्हात यशवंत आहे, त्याला टिपणारे नेमबाज आहेत, आणि त्याच्या हातून मेलेली ती चार माणसेही आहेत. तेही कोणाचे तरी पोर असतील, आणि वयाने फारसे मोठे नसतील.

मुलांना मी हे सारे सांगितले. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग पट्टीवाल्या मुलाने विचारले, "सर, नामदेव दुसऱ्याला आणायला परत गेला, तवा त्याला कोणी सांगितलं होतं का?"

मी म्हटले, "सांगणारा कमांडर जखमी होऊन पडला होता, बाळा. सोबत एकही धड माणूस उरला नव्हता."

तो काही बोलला नाही. पण हिंमत भरतीसाठी हवी असते, मागे हटावयाचे नसते, हे जे त्याचे सूत्र होते त्यात काहीतरी हलले, असे मला वाटले. कारण नामदेव मागे हटला होता. एकदा नव्हे, दोनदा. पाठीवर माणूस घेऊन मागे फिरणे हे त्या दिवशी पुढे धावण्याहून सोपे नव्हते. आपण नामदेवाची ललकारी लक्षात ठेवतो, कारण ती ऐकावयास बरी वाटते. त्या ललकारीच्या आधीच्या दोन फेऱ्या आपण विसरतो, कारण त्यांना आवाज नाही. मी सुरांचा धंदा करणारा माणूस. मला एवढे कळते की सम जोरात पडते म्हणून ती मोठी नसते, तिच्यापर्यंत आवर्तन नीट आणलेले असावे लागते. नामदेवाची ललकारी खरी ठरली ती त्या दोन मुक्या फेऱ्यांमुळे.

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. जयंत्या, मिरवणुका, भाषणे यांत आपण कमी नाही. त्यांत आणखी भर नको. ज्यांच्या घरी जुन्या पलटणीचे पदक किंवा कागद असेल त्यांनी ते एकदा बाहेर काढून नातवंडांना दाखवावे, आणि दाखविताना दोन गोष्टी सांगाव्यात: त्याचे नाव आणि त्याचे वय. शौर्याची वर्णने नंतर. वय आधी सांगितले म्हणजे ऐकणारे पोर आपले वय मनात मोजून पाहते, आणि तेथून पुढे त्याला खोटे सांगणे कठीण जाते.

आमच्या वर्गात आम्ही आता तसे करतो. १० जुलैला आणि ९ एप्रिलला गाणे सुरू करण्यापूर्वी एक मुलगा उभा राहून म्हणतो: यशवंत घाडगे, बावीस. नामदेव जाधव, तेवीस. कमल राम, एकोणीस. मग तंबोरा जुळवितो आणि षड्ज लावतो. बाकी काही नाही.

तो मुलगा अजून पहाटे धावतो. मी त्याला भरतीला जाऊ नको असे म्हटले नाही; म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि देशाला शिपाई लागतातच. पण परवा पहाटे खिडकीतून पाहिले. रस्त्यावर धावणाऱ्या मुलांतला एक पाय मुरगळून मागे राहिला होता. बाकीचे पुढे निघून गेले होते. हा परत फिरला, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघे हळूहळू गावाकडे चालू लागले.